हुलगा, अंबाडी आणि रक्ती : आजीच्या काळातले जेवण आज रांधताना

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. देशाचा आकडा ५७ टक्के आहे. म्हणजे या पानाच्या दोन वाचक भगिनी शेजारी शेजारी बसल्या, तर त्यांतील एकीचे हिमोग्लोबिन कमी असण्याचीच शक्यता जास्त. नर्स म्हणून नोकरी करताना मी लोहाच्या लाल गोळ्या हजारोंनी वाटल्या. नोकरी सोडून वस्त्यांवर फिरू लागले तेव्हा त्यातल्या कितीतरी गोळ्या फळीवरच्या डब्यात तशाच सापडल्या. "सिस्टर, मळमळतं," हे उत्तर ठरलेले. गोळ्या घ्यायलाच हव्यात, त्याबद्दल पुढे सांगते. पण ताटात काय आहे हे न पाहता नुसती गोळी देणे मला अर्धेच काम वाटते.

म्हणून या हिवाळ्यात तीर्थपुरी आणि आसपासच्या वस्त्यांतील पंचाहत्तरी ओलांडलेल्या आज्यांकडे वही घेऊन बसले. प्रश्न एकच होता. तुम्ही परकराच्या वयाच्या होता तेव्हापासून बहात्तरच्या दुष्काळापर्यंत घरात काय शिजायचे, आणि कसे? मग त्यातले काही पदार्थ त्यांच्याच देखरेखीखाली पुन्हा करून पाहिले.

पहिल्याच घरी मला सुनावले गेले. "माय, खायला नव्हतं म्हनून ते खाल्लं. आता तू त्याचं कवतिक करतीस व्हय?" हा आक्षेप मला मोलाचा वाटतो. शहरात हल्ली 'आजीच्या हातची चव' म्हणून ज्वारीच्या कण्या मोठ्या हॉटेलात वाढतात. त्या कण्यांमागे कोणाची उपासमार होती हे तिथल्या मेनूकार्डावर नसते. शिवाय 'जुनी माणसे सकस खायची म्हणून धडधाकट होती' हेही खरे नाही. १९५१ च्या सुमारास भारतात सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षांचे होते. ज्या आज्या आज आपल्याशी बोलतात त्या तगलेल्या आहेत, ज्या तगल्या नाहीत त्यांना विचारता येत नाही. तेव्हा जुने जेवण परत आणायचे म्हणजे जुने दिवस परत आणायचे नाहीत, एवढे आधीच ठरवून घेऊ.

ते स्वयंपाकघर कसे होते?

आपला भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. पुढे १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. राज्ये बदलली तरी वस्तीतली चूल बराच काळ तशीच राहिली. ज्वारी मुख्य. ती मजुरीची, बलुत्याची, सुगीत खळ्यावर मिळालेली. बाजरी थंडीत. गहू सणाला, तांदूळ त्याहून क्वचित. तेल इतके मोजून की फोडणीत ते दिसण्याऐवजी त्याचा वासच यायचा. म्हणून कालवणाला दाटपणा आणि चव आणायला तीळ, कारळ, जवस, शेंगदाणा यांचा कूट किंवा भाजलेल्या धान्याचा येसर. दूध-तूप विकणाऱ्याच्या घरीसुद्धा ते मुलांच्या वाटीत पडायचे नाही. पावसाळ्यात बांधावरच्या भाज्या : तरोटा, घोळ, कुंजीर, पाथरी, तांदुळजा. मांस म्हणजे वाट्याला आलेले मांस. चांगले तुकडे इतरांकडे, आपल्याकडे वजडी, मुंडी, पाय, रक्त.

हे सगळे कोणी लिहिलेच नव्हते असे नाही. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' हे पुस्तक २०१५ मध्ये आले. मराठवाड्यातील महार-मांग समाजाच्या खाद्यसंस्कृतीचा इतिहास आणि पाककृती त्यात एकत्र आहेत, आणि नावातच उत्तर आहे. २०२४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवादही निघाला. त्याआधी २००९ मध्ये पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राने दलितांच्या अन्नाच्या आठवणींवर पुस्तिका काढली होती. पण मराठी घराघरांत पोचलेली पाककृतींची पुस्तके पाहा. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० ची. वाटी-चमच्याच्या मापाने तिने किती नव्या नवऱ्यांना-नवरींना जेवू घातले असेल! त्याच वर्षी आमच्या आज्या वस्तीत काय शिजवत होत्या, ते मात्र कोणत्याही मापाने कोणी छापले नाही. म्हणून ते आता त्यांच्या तोंडूनच घ्यावे लागते, आणि घाईने.

सोडले काय आणि सुटले काय

बाबासाहेबांनी महाडच्या १९२७ च्या परिषदेत मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळे तुकडे सोडा असे सांगितले. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर गावोगाव लोकांनी मेलेली ढोरे ओढणे बंद केले. त्याबद्दल अनेक ठिकाणी बहिष्कार सोसला. आज्यांना हे नीट आठवते. एकीने सांगितले की तिच्या बापाने घरातले मडके अंगणात आणून फोडले आणि आईला म्हणाला, "आता उपाशी मरू, पर ते नको."

नर्स म्हणून मी या निर्णयाकडे आणखी एका बाजूने पाहते. रोगाने मेलेले जनावर सोलताना आणि खाताना फाशी रोग, म्हणजे काळपुळी, माणसाला होतो. हातावर काळी खपली पडते, उपचार न झाल्यास जीव जाऊ शकतो. पोटात गेला तर आणखी घातक. म्हणजे ज्या मांसाला परंपरा म्हणून आपल्या गळ्यात बांधले होते, ते आपल्याला अपमानाबरोबर आजारही देत होते. ते सोडले हे शंभर टक्के योग्य झाले. ते कौतुकाने परत आणण्याचा प्रश्नच येत नाही.

पण त्याच्याबरोबर आणखी बरेच काही हळूहळू सुटले, जे सोडायला कोणी सांगितले नव्हते. हुलगा 'बैलाचं खाणं' म्हणून सुटला. कण्या 'गरिबाच्या' म्हणून सुटल्या. बांधावरची भाजी आणणे म्हणजे घरात काही नाही याची जाहिरात, म्हणून तीही सुटली. बकऱ्याची रक्ती ताजी, स्वच्छ, खाटकाकडून विकत घेतलेली असली तरी 'पावण्यांसमोर नको' झाली. त्यांच्या जागी इज्जतीचे म्हणून जे आले ते पाहा : पांढरा भात, साखरेचा चहा, बिस्किट, मैद्याचा पाव, पाकिटातले पामतेल. शंभर ग्रॅम पांढऱ्या तांदळात एक मिलिग्रॅमही लोह नसते. तितक्याच ज्वारीत सुमारे चार, बाजरीत सहाहून अधिक आणि हुलग्यात आठहून अधिक मिलिग्रॅम असते. लाज वाटून आपण नेमके तेच ताटातून काढले, ज्याची आपल्या लेकीबाळींच्या रक्ताला सगळ्यात जास्त गरज होती. माझा सगळा मुद्दा हा एवढाच आहे.

आम्ही काय रांधले

शेंगोळी. आज्यांच्या यादीत ही पहिली आली. हुलगे निवडून, मंद आचेवर किंचित भाजून, जाडसर दळून आणले. दोन वाट्या हुलग्याच्या पिठात अर्धी वाटी ज्वारीचे पीठ, लसूण-जिरे-मिरचीचा ठेचा, हळद, मीठ. पाणी बेताने घालून घट्ट मळायचे. तळहातावर करंगळीएवढ्या वळ्या करून टोके जोडायची. दुसरीकडे लसणाच्या फोडणीत पाणी उकळायला ठेवायचे आणि खळखळ उकळी आल्यावरच शेंगोळ्या सोडायच्या. उकळी नसेल तर त्या विरघळतात. वीस-पंचवीस मिनिटांनी पाणी आपोआप दाट होते. आजी म्हणाल्या की तेव्हा फोडणी नसायचीच, वाटलेला लसूण तसाच पाण्यात जायचा. आम्ही चार जणांना दोन चमचे तेल वापरले, तेवढे पुरे झाले. हुलग्यात शंभर ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम प्रथिने आहेत. धान्यात जे प्रथिनांचे घटक कमी पडतात ते डाळवर्गात असतात आणि डाळीत कमी ते धान्यात, म्हणून ज्वारीच्या पिठाची ती अर्धी वाटी नुसती बांधणीसाठी नाही. वरून लिंबू पिळायला विसरू नका. आंबटातल्या क जीवनसत्त्वाने लोह अंगी लागते.

हुलग्याचेच माडगे बाळंतिणीला, सर्दी-तापाने खंगलेल्याला आणि दात नसलेल्या म्हाताऱ्यांना द्यायचे. भाजलेल्या हुलग्याचे दोन चमचे पीठ गार पाण्यात कालवून दोन पेले उकळत्या पाण्यात सोडायचे आणि सतत हलवायचे. सुंठ, चिमूटभर मीठ, गूळ. साखर असणाऱ्यांनी गूळ न घालता ताकात करावे, तेही चांगले लागते. मला स्वतःला तेच जास्त आवडले.

अंबाडीची भाजी मराठवाड्यात अजून होते, पण आजींची पद्धत वेगळी निघाली. आपण अंबाडी उकडून, पिळून पाणी फेकतो. त्या म्हणाल्या, कोवळा पाला असला तर पाणी कशाला फेकायचे, त्यातच कण्या शिजवायच्या. अर्धी वाटी ज्वारीच्या कण्या आणि पाव वाटी तुरीची डाळ आधी अर्धवट शिजवून घेतली, मग चिरलेली एक जुडी अंबाडी घालून मऊ होईपर्यंत घोटली. वरून ठेचलेला लसूण आणि लाल मिरची, तेल परवडेल तेवढे. पाणी फेकले नाही म्हणून जीवनसत्त्वे वाचली. मात्र मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी पाणी फेकलेलेच बरे, अंबाडीत ऑक्झलेट असते.

इथे भांड्याचे सांगायला हवे. या भाज्या पूर्वी मडक्यात किंवा लोखंडी कढईत व्हायच्या. नंतर हलकी आणि स्वस्त म्हणून जर्मनची पातेली आली. लोखंडी कढईत, त्यातही आंबट पदार्थ शिजवला, की कढईतले थोडे लोह अन्नात उतरते. शिजल्यावर भाजी लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळी पडून तुरट लागते. घरात जुनी लोखंडी कढई भंगारात द्यायला काढली असेल तर देऊ नका, वाळूने घासून वापरात घ्या.

आता रक्ती. यावर घरात सगळ्यात जास्त कुजबुज झाली. एका सुनेने दार लोटून घेतले, शेजारणीला वास जाईल म्हणून. बकऱ्याचे ताजे, गोठलेले रक्त खाटकाकडून सकाळीच, झाकलेल्या स्वच्छ डब्यात आणले. आधी मिठाच्या पाण्यात पूर्ण उकळून घट्ट केले, मग तुकडे करून भरपूर कांदा, लसूण, मिरची, कोथिंबीर घालून परतले. तुकडा आतपर्यंत तपकिरी व्हायला हवा, लाल राहता कामा नये. मांस, रक्त आणि काळीज यांतले लोह पालेभाजीतल्या लोहापेक्षा शरीर कितीतरी सहज घेते. ज्या घरात मटण महिन्यातून एकदा येते, तिथे मटणाच्या मानाने फार स्वस्त मिळणारे हे अन्न नाकारायला आरोग्याचे तरी काही कारण नाही. ज्यांना मांसाहार नको असेल त्यांनी अर्थातच करू नये, त्यांच्यासाठी वरचे पदार्थ आहेत. पण केवळ लोक नावे ठेवतील म्हणून दार लोटून खावे लागावे हे मला खटकते. युरोपातल्या कित्येक देशांत रक्ताचे पदार्थ दुकानात उघड विकतात आणि लोक न्याहारीला खातात.

वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्यांबद्दलही आज्या भरभरून बोलल्या : लांब पट्ट्या कापणे, मीठ-हळद लावणे, दोरीवर उन्हात घालणे, कावळ्यांपासून राखण करायला पोर बसवणे. आम्ही त्या केल्या नाहीत. २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे, आणि एरवीही एवढे मीठ आजच्या रक्तदाबाला परवडणारे नाही. कृती मात्र वहीत पूर्ण लिहून घेतली आहे. प्रत्येक कृती रांधण्यासाठीच लिहायची असे नाही, काही इतिहास म्हणून लिहायच्या.

चिपट्याचे काय करायचे?

एक अडचण सगळीकडे आली, ती मापाची. आजी सांगतात, "चिपटंभर हुलगं, वर मूठभर जवारी." चिपटे म्हणजे पाव शेर, मापटे म्हणजे अर्धा शेर. पण हे धान्य भरून मोजायचे भांडे, वजन नव्हे, आणि गावागणिक थोडा फरक. देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ सालचाच. पुढच्या काही वर्षांत बाजारात किलो-ग्रॅम आले, पण स्वयंपाकघरात चिपटे बराच काळ टिकले. आम्ही सोपा मार्ग काढला. आजींनी त्यांच्या अंदाजाने परातीत धान्य घ्यायचे, मी ते किराणा दुकानातल्या काट्यावर मोजून लिहायचे. मूठसुद्धा मोजली. आजींची मूठ माझ्या मुठीपेक्षा लहान निघाली, म्हणून कृती दुसरीला सांगताना 'मूठ' न लिहिता ग्रॅम किंवा वाटी लिहा.

बहात्तर आणि त्यानंतर

दुष्काळाचा विषय निघाला की सगळ्या एकदम बोलू लागतात. १९७२ चा दुष्काळ, खडी फोडण्याची कामे, पोरांना मिळणारी सुकडी आणि अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी. मिलोची भाकरी थापताना तुटायची, चवीला कडवट लागायची, पोट दुखायचे असे त्या सांगतात. अमेरिकेत हे धान्य मुख्यतः जनावरांना घालतात हे पुढे कळले तेव्हा त्यांना आणखी वाईट वाटले. पौष्टिकतेने पाहिले तर मिलो ही ज्वारीचीच जात. पण रांगेत उभे राहून मिळालेल्या धान्याची चव फक्त जिभेवर ठरत नाही. मला वाटते, आपल्या पिढीच्या मनातून ज्वारी उतरली त्यात या मिलोचाही वाटा आहे.

पुढे जायकवाडी १९७६ मध्ये पुरे झाले, डाव्या कालव्याचे पाणी आपल्या भागात आले, ऊस आला, तीर्थपुरीला साखर कारखाना आला. ज्या रानात रब्बीची ज्वारी आणि तिच्यात हुलगा-जवसाचे पाटे असत तिथे ऊस उभा राहिला. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो आणि मिळायलाच हवा, त्याने उपासमार रोखली. पण त्यात हुलगा नाही. बाजारात आज हुलगा शोधावा लागतो आणि ज्वारी गव्हापेक्षा महाग पडते. त्यामुळे 'रोज ज्वारी खा' असा उपदेश मजुरी करणाऱ्या बाईला करताना माझीच जीभ अडखळते. रेशनच्या गव्हात तिसरा हिस्सा ज्वारी आणि मूठभर हुलगा मिसळून दळणे हे जमण्याजोगे आहे. आठ-दहा घरांनी मिळून मोंढ्यावरून पोते घेतले तर आणखी स्वस्त पडते.

आता सावधगिरी. जेवण बदलले म्हणून लोहाची गोळी बंद करू नका. गरोदरपणी हिमोग्लोबिन ११ च्या खाली आणि एरवी बाईचे १२ च्या खाली असेल तर नुसत्या जेवणाने ते वेळेत भरून येत नाही. मळमळ होत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घ्या. गोळी आणि जेवण यांच्या आगेमागे तासभर चहा नको, तो लोह अडवतो. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असलेल्यांनी लोहाबद्दल आधी डॉक्टरांना विचारावे. गरोदरपणात काळीज वारंवार खाऊ नये, त्यात अ जीवनसत्त्व फार असते. युरिक आम्लाचा त्रास असणाऱ्यांनी वजडी-काळीज टाळावे. आणि आजींचा लाल ठेचा कितीही चविष्ट असला तरी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर त्यातले मीठ अर्ध्यावर आणा. कोरड्यास कमी आणि भाकरी जास्त म्हणून ठेचा तिखट-खारट करायचे, ती गरज आता राहिलेली नाही.

तुमच्या घरात आजी, आत्या, मावशी असतील तर वहीत पाच रकाने आखा : पदार्थाचे नाव, तो कोणत्या महिन्यात व्हायचा, कृती मापासह, कोणाला आवर्जून द्यायचे, आणि तो घरातून कधी व का गेला. शेवटचा रकाना सोडू नका. माझ्या वहीत त्या रकान्यात आतापर्यंत असे लिहिले आहे : 'दीक्षा घेतल्यावर, आबांनी बंद केले.' 'मिलो आल्यापासून.' 'थोरला शिकायला औरंगाबादला गेला, त्याच्या मित्रांना कळू नये म्हणून.' 'रानात ऊस लावला, बांध राहिला नाही.' 'जात्याचा खुंटा तुटला.' 'सून हसली.' आणि दोन ठिकाणी, 'आठवत नाही, पण खावंसं वाटतं.'